सोळा मीटरचा काळा पट्टा

३ मार्च, सोमवार

पाय अजून ब्रेक मारतोय! खुर्चीत बसलोय, समोर चहा, आणि उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. हिने पाहिलं. म्हणाली, "फरशी फुटेल." पण हसली नाही.

आज बरोबर आठवडा झाला. चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसा, अशी डेपोची चिठ्ठी आहे. सव्वीस वर्षं बस चालवली, एवढा घरात कधी बसलो नव्हतो. आपल्या घरात किती दारं करकरतात ते आत्ता कळलं. लॉगबुक भरायची सवय हाताला, म्हणून या जुन्या वहीत लिहितो. कुणाला दाखवायचं नाही.

झालं ते एकदा लिहून टाकतो. सकाळची पहिली फेरी. डेपोतून निघायला चार मिनिटं उशीर. गाडी रिकामी — पुढे मी, मागे कंडक्टर पावशेर. (अंगाने तेवढाच आहे, म्हणून सगळा डेपो त्याला पावशेरच म्हणतो.) बंद छापखान्याच्या पुढे डावीकडे एक गल्ली आहे. त्या गल्लीतून सायकलवर एक बाई आली, मागे कपड्यांचं गाठोडं. मी ब्रेक मारला. दोनदा — म्हातारीला दोनदाच मारावा लागतो. म्हातारी म्हणजे आमची बस. टायर ओरडले. आणि मग तो आवाज. लहानसाच. रिकामा डबा पडावा तेवढा.

बाई शिवणकाम करते. डावा पाय दोन ठिकाणी मोडलाय. जिवंत आहे. जिवंत आहे! हे मी दिवसातून दहा वेळा म्हणतो.

४ मार्च, मंगळवार

डेपोत बोलावलं होतं. अपघातांची मोजणी करणारे साहेब आले होते — चष्मा, हातात फाइल, बोलणं मोजकं. म्हणाले, मागच्या चाकांचा रस्त्यावर उमटलेला काळा पट्टा सोळा मीटर. सोळा मीटर सूत्रात घातले. वेग आला ताशी एकोणपन्नास पूर्णांक नऊ. त्या रस्त्याची मर्यादा पन्नास.

"पन्नासला केसभर कमी!" डेपोचे मोठे साहेब म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "सुटलात की हो!"

वर्कशॉपचा दाखलाही जोडलाय : ब्रेक ठीक. म्हणजे गाडी चांगली, ड्रायव्हर चांगला, चूक त्या बाईची. चौदा तारखेला अहवालावर शेवटच्या सह्या. मग मी परत ड्यूटीवर.

सगळ्यांनी हात मिळवले. चहा झाला. मी अहवालाची नक्कल घेऊन घरी आलो. हिचा जीव भांड्यात पडला. माझा काही पडला नाही. मला खरंच माहीत नाही मी किती वेगात होतो. म्हातारीचा काटा गाडी उभी असतानाही वीस दाखवतो! आणि चार मिनिटं उशीर होता.

एका काळ्या पट्ट्यावरून यांना वेग कसा कळला? मला नाही कळला, मी तर आत बसलो होतो.

५ मार्च, बुधवार

म्हातारीला शाळेच्या फेरीला लावलं. दुसरा ड्रायव्हर आहे. चिऊ घरी येऊन सांगते, "बाबा, आज तुमच्याच बसमध्ये बसले! तुमच्या सीटच्या बरोब्बर मागे. तो ड्रायव्हर तुमच्यासारखा गुणगुणत नाही." मी गुणगुणतो हे मला माहीत नव्हतं.

चिऊ नववीत आहे. तेरा तारखेला तिचा भौतिकशास्त्राचा पेपर. संध्याकाळी पुस्तक फेकून रडायला लागली. धडा कुठला? एकसमान त्वरण. पहिलंच गणित — एका बसचा चालक ब्रेक दाबतो. बस अमुक अंतरावर थांबते. तर बसचा सुरुवातीचा वेग काढा.

माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, रडू नकोस. आपण दोघं शिकू.

"तुम्ही? तुम्ही तर दहावीला काठावर पास!" हिने आतून आवाज दिला. या घरात गुपित म्हणून काही राहत नाही.

६ मार्च, गुरुवार

सापडलं! उगाच घाबरलो होतो.

अहवालात लिहिलंय, गाडी थांबायला सुमारे दोन पूर्णांक तीन सेकंद. अंतर सोळा मीटर. भागाकार केला. सेकंदाला सात मीटरला थोडं कमी. पुस्तकात मागे लिहिलंय तसं तीन पूर्णांक सहाने गुणलं. ताशी पंचवीस! अरे, पंचवीसने तर मी कॉलनीतून गाडी काढतो. स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं — "पंचवीस!" तिने हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. मीही जरा…

७ मार्च, शुक्रवार

चिऊने कपाळावर हात मारला. "बाबा! हा सरासरी वेग झाला. गाडी सुरुवातीला जोरात होती, शेवटी शून्य. पंचवीस हे मधलं. सुरुवातीचा वेग त्याच्या दुप्पट!"

दुप्पट म्हणजे पन्नास.

"आमच्या वर्गात निम्मी पोरं हेच करतात, बाई लाल गोल काढतात," असं म्हणून तिने माझ्या हिशेबाभोवती खरोखरच लाल गोल काढला. आवडीने काढला. गेल्या महिन्यात तिला मिळाले असतील तेवढे सगळे गोल माझ्यावर काढले.

हिला काही सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार

आज सूत्र कळलं. पाठ नाही झालं — कळलं. व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस. यू म्हणजे सुरुवातीचा वेग. व्ही शेवटचा, तो शून्य, कारण गाडी थांबली. एस म्हणजे अंतर. ए म्हणजे त्वरण — दर सेकंदाला वेग किती बदलला ते. ब्रेक मारला की ते उणे धरायचं. आयुष्यभर हा ए माझ्या उजव्या पायाखाली होता, आणि मला त्याचं नाव आज कळलं.

सोळा मीटर, ए सहा. दोन गुणिले सहा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव. वर्गमूळ तेरा पूर्णांक शहाऐंशी. तीन पूर्णांक सहाने गुणलं. एकोणपन्नास पूर्णांक नऊ! साहेबांचाच आकडा, माझ्या हाताने. किती बरं वाटलं! चिऊने टाळी दिली.

मग ती म्हणाली, "बाबा, पण सहा कुठून आला?"

"दिलेलं आहे," मी म्हटलं. अहवालात तसंच लिहिलंय : सुस्थितीतील बससाठी सहा, तक्त्यावरून.

"हं. आमच्या पुस्तकात पण सगळं दिलेलंच असतं."

आता ती झोपायला गेलीय आणि मी बसलोय. तीन तारखेला सगळं लिहून टाकतो म्हणालो, आणि एक गोष्ट लिहिलीच नाही. वहीलासुद्धा सांगितली नाही. कमाल आहे माझी!

गाडी थांबल्यावर मी ती मागे घेतली होती.

बाईचा पाय बंपरखाली अडकला होता. पावशेर उडी मारून खाली उतरला आणि बोंबलला, "मागे घे! मागे घे!" मी रिव्हर्स टाकला, मागे घेतली, तिला ओढून काढली. पाच सेकंदही नसतील. रस्त्यावर आणखी कोणी नव्हतं. मोजणीचे साहेब आले तासाभराने. त्यांनी पट्टा जिथे सुरू होतो तिथून मागच्या टायरपर्यंत टेप लावली. सोळा. पण गाडी मागे आली होती ना! पट्ट्याचा उरलेला तुकडा गाडीच्या पोटाखाली होता. तिथे कोण वाकून बघतंय?

मग एक छापील कागद पुढे आला. मी सही केली, पावशेरने केली. त्यात एक ओळ होती : गाडी जागची हलवलेली नाही.

९ मार्च, रविवार

हिची कपडे वाळत घालायची दोरी सोडली. घरात फूटपट्टीने दर मीटरला गाठ मारली. ही बघत होती. "आता हे काय नवीन?" म्हटलं, चिऊचा अभ्यास. "अभ्यास तिचा आणि ओली चादर माझ्या खांद्यावर!"

सकाळी सातला छापखान्याकडे गेलो. रस्ता मोकळा होता. पट्टा अजून आहे, फिकट झालाय. मागच्या जोडचाकांचा, दोन्हीकडे एकेक. पुढच्या चाकांची खूण कुठेच नाही. दिव्याच्या खांबापाशी सुरू होतो. मी गुडघ्यावर बसून दोरी लावत गेलो. सोळावी गाठ. पुढेही काळं आहे. सतरा. अठरा. एकोणीस. विसाव्या गाठीला पट्टा संपला.

एका माणसाने जाता जाता विचारलं, काही हरवलंय का काका? काय सांगू त्याला.

घरी येऊन हिशेब केला. दोन गुणिले सहा गुणिले वीस, दोनशे चाळीस. वर्गमूळ पंधरा पूर्णांक एकोणपन्नास. तीनदा केलं. गोल काढायला जागा शोधत होतो, मिळाली नाही. ताशी पंचावन्न पूर्णांक आठ.

मर्यादेच्या वर. मी.

१० मार्च, सोमवार

पावशेर आला. त्याला दोरी दाखवली, वही दाखवली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू काय मास्तर झालास का या वयात? सुटलास ना? मग गप बस की!" म्हटलं, आपण सही केली, गाडी हलवली नाही म्हणून. "ती ओळ छापील होती! आपण कुठे लिहिली?" म्हटलं, मागे घे म्हणून तूच ओरडलास. "मग काय बाईला तशीच ठेवायची होती?"

नाही. तशी ठेवायची नव्हती, हे खरं आहे. आज मागे घ्यायची वेळ आली तर आजही घेईन. त्या दिवशी केलेली एकच चांगली गोष्ट ती, आणि तिनेच माझी चूक झाकली. याला काय म्हणावं?

पावशेर जाताना दारात थांबला. त्याच्या घरात सहा माणसं आणि कमावता तो एकटा. "माझं नाव यात ओढू नकोस," म्हणाला. आवाज बारीक झाला होता. बावीस वर्षं आम्ही एका गाडीवर आहोत. चपला घालायला त्याला बराच वेळ लागला.

११ मार्च, मंगळवार

अहवाल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. आधी फक्त माझं पान वाचलं होतं. शेवटच्या पानावर खाली : जखमी बाईचे म्हणणे, बस मागे गेली. घाबरल्यामुळे तसा भास झाला असावा. विचारात घेतलेले नाही.

भास!

जेवण गेलं नाही. दुपारी तिच्या घरी गेलो. पत्ता अहवालातच होता. तिच्या भावाचं घर, वरचा मजला. पाय प्लास्टरमध्ये, खालची उशी सारखी घसरत होती. शिलाई मशीन कोपऱ्यात, वर चादर टाकलेली. वहिनीने खुर्ची दिली. मी कोण ते सांगितलं, तर भाऊ तावातावाने उठला. वाटलं, आता हाणतो. पण तो तिच्याकडे बघून म्हणाला, "बघ! तुझ्या धांदरटपणापायी या माणसाच्या नोकरीवर आलं होतं!"

आणि ती बाई मला म्हणाली, "माफ करा हो. माझ्यामुळे तुम्हाला ताप झाला."

ती मला माफ करा म्हणाली! मला!

सायकल भावाने देऊन टाकलीय. "आता हिला एकटीला रस्त्यावर सोडणार नाही. हिचं डोकं ठिकाणावर नसतं, अहवालातच लिहिलंय." ती बोटांनी प्लास्टरवरचा निघालेला धागा गुंडाळत होती. भाऊ पाणी आणायला आत गेला, तेव्हा पुढे वाकून हळूच म्हणाली, "तुम्ही तर तिथेच होतात. खरं सांगा हं. बस मागे गेली होती का हो? मला चाक दिसलं होतं मागे जाताना. अगदी डोळ्यांसमोर. पण सगळे म्हणतात भास झाला. आता मलाच कळेनासं झालंय. रात्री गॅस बंद केला की नाही हेसुद्धा तीन-तीनदा बघते."

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

लाज वाटते.  असं शेपूट मी आयुष्यात घातलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

चिऊ उद्याच्या पेपरची उजळणी करत होती. माझी पानं चाळता चाळता म्हणाली, "बाबा, इथे सोळा दिलंय, तुम्ही वीस का धरलंय? चुकलं."

"चुकलं नाही."

ती बघत राहिली. पोर हुशार आहे, कोण म्हणतं तिला भौतिकशास्त्र जमत नाही! "म्हणजे पट्टा वीस होता?" मी सगळं सांगितलं. रिव्हर्स, छापील ओळ, दोरी. बाईचा प्रश्न आणि माझं उत्तरही. ते सांगताना तिच्याकडे बघवेना.

तिने मग विचारलं, "तुम्हाला जेलमध्ये टाकतील?"

माहीत नाही म्हटलं. नोकरी जाईल बहुतेक.

मला वाटलं, रडेल. तिने लाल पेन घेतलं, अहवालाच्या नकलेवर 'सोळा' होतं, त्याभोवती गोल काढला आणि पुस्तकात डोकं घातलं. मग पुस्तकातूनच म्हणाली, "त्या मावशींना तरी सांगा. त्या वेड्या नाहीत म्हणून."

हिला सांगायचं राहिलंय. हिला सांगायचं म्हणजे!

१३ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. आधी भांडी आपटली. मग म्हणाली, मूग गिळून गप्प बसले असते तुमच्या जागी दुसरे कुणी. मग म्हणाली, चिऊचं शिक्षण कोण करणार, तुमची दोरी?  शेवटी म्हणाली, "त्या बाईच्या जागी मी असते तर?" मी म्हटलं, तुला भास झाला म्हणायची कुणाची हिंमत आहे? तेव्हा जरा हसली, आणि मग रडली. मीही रडलो. चिऊ पेपरहून आली तेव्हा दोघांचे डोळे लाल. तिला वाटलं पेपरची काळजी करत होतो. "अहो, सोपा होता! बसचंच गणित आलं."

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी उठलो तर शर्टाला इस्त्री झालेली. हिने कॉलर तेवढी सरळ केली.

अर्ज रात्रीच लिहून ठेवला होता. सात ओळींचा. गाडी मी मागे घेतली. पट्टा वीस मीटर आहे, अजून रस्त्यावर दिसतो. बाईचे म्हणणे खरे आहे, तिला भास झालेला नाही. त्यानंतर माझा हिशेब, पायरी पायरीने, चिऊच्या बाईंना लागतो तसा. शेवटी सही.

डेपोत पोचलो तर बाकावर पावशेर. दाढी केलेली, तोंड उतरलेलं. माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "आण तो कागद. मीच ओरडलो होतो. माझं नाव खाली लिही." मी म्हटलं, अरे, सहा माणसं आहेत घरात. "सहाही जण कालपासून मला विचारतायत, जेवत का नाहीस म्हणून!" त्याने सही केली. 

मोठे साहेब अर्ज वाचून लालबुंद. "कुणी सांगितलं होतं नसतं उकरायला? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला!" मोजणीसाहेबांनी मात्र हिशेब दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पुढच्या चाकांची खूण होती का?"

म्हटलं, नाही. फक्त मागच्या. दोरी लावली तेव्हा नीट बघितलंय.

"आणि ब्रेक? एकदा मारलात?"

"दोनदा. म्हातारीला दोनदाच मारावा लागतो. सगळेच ड्रायव्हर मारतात. पहिला पोकळ जातो."

"लॉगबुकात आहे हे?"

नाही. कसं असेल? लिहिलं की गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये जाते आणि आपल्या गळ्यात त्याहून खटारा पडतो. नवा ड्रायव्हर आला की आम्हीच कानात सांगतो, हिला दोनदा. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"वर्कशॉपने कसा तपासला?" त्यांनी मोठ्या साहेबांना विचारलं. यार्डात, उभ्या गाडीत, पेडल दाबून. नेहमी तसाच तपासतात.

मोजणीसाहेबांनी अहवाल बंद केला. सह्या झाल्या नाहीत. सोमवारी, फेरी निघायच्या आधी, त्याच रस्त्यावर चाचणी.

तिथून थेट त्या बाईकडे गेलो. भावासमोर, वहिनीसमोर, उभ्यानेच सांगितलं. बस मागे गेली होती. मी घेतली होती. मंगळवारी मी खोटं बोललो. भाऊ नको नको ते बोलला, मी ऐकून घेतलं. ती डोळे मिटून टेकून बसली. मी जायला निघालो तेव्हा भावाला म्हणाली, "माझी सायकल परत आण."

१५ मार्च, शनिवार

पाय अजून ब्रेक मारतोय. दोनदा.

१७ मार्च, सोमवार

चाचणी झाली. साहेबांच्या यंत्रावर ताशी चाळीस झाल्यावर म्हातारीला ब्रेक मारला. सहाच्या हिशेबाने साडेदहा मीटरच्या आत थांबायला हवी होती. चौदा मीटर चाळीस सेंटीमीटरला थांबली. हिशेब मीच करून दाखवला, साहेबांनी माझ्याच हातात कागद दिला. ए सहा नाही. चार पूर्णांक तीन. पुढची चाकं जवळजवळ धरतच नाहीत. मग त्याच चार पूर्णांक तीनने वीस मीटर सोडवले : ताशी सत्तेचाळीस. मी मर्यादेच्या आत होतो. पावशेरने मला मिठी मारली. मोठे साहेबही हात मिळवायला पुढे आले, मी तो धरलाच नाही, खालीच बसलो. पाच तारखेपासून शुक्रवारपर्यंत, शनिवार-रविवार सोडून, शाळेचे आठ दिवस. जाऊन-येऊन सोळा फेऱ्या. चिऊ सोळाही वेळा त्याच बसमध्ये होती, ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे.